कोल्ह्यामागची भिंत

१७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळचं काम होतं खुराड्याची खालची जाळी बदलण्याचं. आधीची जाळी कोंबड्यांना आत ठेवायला पुरेशी होती, कोल्ह्याला बाहेर ठेवायला नव्हती, हे जानेवारीत कळलं होतं. म्हणून जाड तारेची जाळी आणली. तिची खालची कड जमिनीत वीतभर गाडायची, उरलेली बाहेरच्या बाजूला वळवायची आणि तिच्यावर विटा ठेवायच्या. उकरायला आलेल्याची नखं मग तारेला लागतात. माती ओली होती, बोटं गारठली होती आणि पक्कड हातातून सारखी निसटत होती. पक्कड निसटत होती ती थंडीने नव्हे. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कागदावर नाही, जिवंत जनावरावर गोळी झाडायची होती.

आमचं घर इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकच्या बाहेर एका लेनच्या टोकाला आहे. मागे बाग, बागेच्या मागे काटेरी झाडांचं दाट कुंपण, त्यापलीकडे मेंढ्यांचं शेत. बागेच्या फाटकातून एक पायवाट निघते, ती शेताच्या कडेने मोठ्या गेटपर्यंत जाते. शेताच्या एका कोपऱ्यात खडूची जुनी खाण आहे. खाण म्हणजे आता नुसता वाडग्यासारखा खड्डा, तीन बाजूंनी पांढऱ्या मातीची उभी दरड, वरून झुडपं लोंबतात. ही खाण लक्षात ठेवायला हवी, सगळं तिथेच घडलं.

जानेवारीतली गोष्ट अशी. मी वरच्या खोलीत ब्रॅकनेलच्या ऑफिसशी कॉलवर होते, कानांवर हेडफोन. कॉल संपवून चहाला खाली आले आणि खिडकीतून बघितलं तर बागेत पिसंच पिसं. नऊ कोंबड्यांपैकी सहा मेल्या होत्या. नेली होती एकच. बाकीच्या मारून तिथेच टाकल्या होत्या. उरलेल्या तिघी कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या. आणि ती एक नेऊन कोल्हा पुन्हा बागेत आलेला होता. इथल्या या तांबड्या, झुपकेदार शेपटीच्या प्राण्याला मराठीत खरं तर खोकड म्हणायला हवं, पण आमच्या घरात तो कोल्हाच. मी दार उघडलं, ओरडले, हातातला कप फेकला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो चालत गेला. पळाला नाही, चालत गेला. भर दुपारी, माणसासमोर.

मेलेल्या कोंबड्यांपेक्षा मला त्या चालण्याची जास्त भीती बसली. माणसाला न घाबरणारं जंगली जनावर परत येणार, हे सांगायला कोणी लागत नाही.

शेताच्या मालकिणीला मी फोन केला. सत्तरीला टेकलेली, एकटी राहणारी इंग्रज बाई. मेंढ्या मार्चमध्ये विणार होत्या, त्यामुळे हा कोल्हा तिलाही नको होता. पूर्वी तिचा भाऊ यायचा कोल्हे मारायला. त्याची नजर अधू झाली होती. तिच्या स्वतःच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, रायफलचा धक्का सोसवत नव्हता.

"तू कधी रायफल धरली आहेस?" तिने विचारलं.

"कॉलेजात. एनसीसीत."

"म्हणजे काय?"

मी सांगितलं. पुण्याला, खाकी कपड्यांत, वाळूच्या पोत्यांमागे पालथं पडून, सुभेदार सांगेल तेव्हाच श्वास घ्यायचा. ती हसली. म्हणाली, तो सुभेदार मला आवडला असता.

माझ्याकडे स्वतःचा परवाना नव्हता. तिच्या शेतात, तिच्या परवान्यावरची तिची रायफल, ती शेजारी हजर असताना मी वापरू शकत होते. तेवढं कायद्यात बसतं. ती दर वेळी पोलिसांना आधी कळवूनही ठेवायची, कारण मी तिला स्पष्ट सांगितलं होतं: शेतात रायफल घेऊन पालथी पडलेली सावळी बाई कोणाला दिसली, तर तो आधी काय समजेल आणि कोणाला फोन करेल, याची मला कोल्ह्याहून जास्त धास्ती आहे. तिने यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून कळवायला लागली.

मी माझ्या सवयीप्रमाणे व्हिडिओ बघून अभ्यास केला. सगळे अमेरिकन. 'कायोटीची शिकार, नवशिक्यांसाठी' अशा धर्तीचे. दाढीवाले पुरुष, क्षितिजापर्यंत पसरलेलं पिवळं गवत, जखमी सशाचा आवाज काढणारं यंत्र, आणि मग लांबून दुडक्या चालीने येणारा राखाडी कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्हाच. वारा कुठून वाहतो ते बघा, हलू नका, आवाज काढा, वाट बघा. त्यात मला पटण्यासारखं बरंच होतं. मी मालकिणीला एक व्हिडिओ दाखवला. तिने शेवटपर्यंत बघितला आणि फोन परत दिला.

"छान आहे," ती म्हणाली. "त्यांच्या कायोटीच्या मागे मैलोन्‌मैल कोणी नाही. इथे प्रत्येक गोष्टीच्या मागे कोणीतरी असतं."

मग तिने मला जे शिकवलं त्यात कोल्हा फार थोडा होता. बाकी सगळं मागे काय आहे याबद्दल. गोळी कोल्ह्यात थांबत नाही असं धरून चालायचं. त्याच्या मागे मातीची भिंत दिसली तरच झाडायची. आकाश दिसलं, झाडी दिसली, तर बोट ट्रिगरवरून बाहेर. नुसते डोळे चमकले तर नाही, पूर्ण जनावर दिसलं तरच. खाणीतली दरड चांगली भिंत आहे, पण खडूत गारगोट्या असतात. गोळी गारगोटीला लागली तर कुठे उडेल ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून बाजूलाही कोणी नको. मी त्याच खाणीत, सकाळच्या वेळी, कागदी डिश लावून सराव केला. दर वेळी पाण्याचा ग्लास धरता येणार नाही इतके हात कापायचे. ती म्हणायची, कापू देत, कापायचे थांबले की मी तुला रायफल देणार नाही.

जागा शोधायला आम्हाला कष्ट पडले नाहीत, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. कोल्हा रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास खाणीत शिरताना गेटपासून दुर्बिणीतून दिसायचा. अगदी ऑफिसच्या वेळेला आल्यासारखा. एकदा आम्हाला तिथे त्याची विष्ठा सापडली. मालकिणीने काडीने उलगडून दाखवली: केस, थोडी पिसं आणि काळे बारीक गोल दाणे.

"रेपसीड," ती म्हणाली. इकडे शेतात पिवळ्या फुलांचं जे पीक असतं, त्याचं बी. "कुठल्यातरी गोदामात सांडलं असेल."

मी मान डोलावली. रोज फोडणीत जो दाणा मी तडतडवते, तोच दाणा काडीच्या टोकाला माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी रेपसीड म्हणून मान डोलावली. मोहरी कढईत असली की मोहरी दिसते; कोल्ह्याच्या विष्ठेत ती कोण शोधणार?

आता सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. त्या नोव्हेंबरमध्ये नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. अन्न टाकायचं नाही, उरलेला घास कोणाच्या तरी मुखी गेला पाहिजे, हा त्यांचा जन्माचा नियम. आल्याआल्या त्यांनी बागेच्या कोपऱ्यात रोज पोळी-भात ठेवायला सुरुवात केली. कावळे आले, कबुतरं आली, मग उंदीर आले. शेजाऱ्यांनी कुंपणावरून गोड आवाजात तक्रार केली. गोड आवाजातली तक्रार इथे शेवटची पायरी असते, त्यानंतर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस येतो. मी आईंना सांगितलं, बागेत अन्न टाकायचं नाही. त्या म्हणाल्या, "बरं." वाद नाही, रुसवा नाही. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

शिकारीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या अंडंसुद्धा खात नाहीत. उरलेल्या तीन कोंबड्यांशी रोज सकाळी गप्पा मारतात. आपली सून रायफल घेऊन पालथी पडते, हे ऐकून त्यांचं काय झालं असतं कोण जाणे. त्यांना एवढंच माहीत होतं की मी संध्याकाळी त्या इंग्रज बाईबरोबर फिरायला जाते. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो मला शिकारीण म्हणायचा.

त्या शनिवारी जेवताना आई समोर नव्हत्या तेव्हा मी त्याला म्हणाले, "आज पाच वाजता. आईंना बाहेर सोडू नकोस. बागेतसुद्धा नको."

"हो गं. ती कुठे जाते? स्वयंपाकघर ते सोफा."

"लक्ष ठेव म्हणतेय मी."

"शिकारीण बाई, तुम्ही निर्धास्त जा. मी आहे, मॅच आहे, आई आहे."

साडेचारला मी निघाले. फ्रीजशेजारच्या खुंटीवर नवऱ्याचं जुनं मातकट जॅकेट टांगलेलं असतं, ते दिसलं नाही. मनात आलं, धुवायला टाकलं असेल.

मालकीण गेटपाशी उभी होती. तिने पायवाट शेवटपर्यंत दुर्बिणीतून बघितली, थोडं थांबून पुन्हा बघितली. चालायला आलेलं कोणी नव्हतं. मग विचारलं, "घरी माहीत आहे?"

"नवऱ्याला सांगितलंय."

ती हो म्हणाली आणि आम्ही चढावर गेलो. खाणीच्या बरोबर समोर, शंभरेक पावलांवर, मी रबरी चटईवर पालथी झाले. आमचं घर डावीकडे, टेकाडाच्या आड. तिथून गोळीच्या रेषेत काही येत नव्हतं. वारा खाणीकडून आमच्याकडे. सगळं पुस्तकात असतं तसं.  गवताचं पाणी पँटमधून गुडघ्यांना लागत होतं. स्कोपमधून, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून, बघितलं की जग गोल होतं आणि तेवढंच उरतं. पांढरी दरड, खाली थोडी मोकळी जागा, डाव्या काठाला काटेरी झुडूप, त्याच्या पलीकडे उजेड कमी कमी होत चाललेला.

कोल्हा उजवीकडून आला. तो जानेवारीतलाच, डाव्या कानाचं टोक फाटलेलं होतं. त्याला बघताच मला बागेतलं ते चालणं आठवलं. मालकिणीने हाताच्या पाठीवर ओठ ठेवून सशाचा आवाज काढला, चिरका, ऐकवणार नाही असा. तो थांबून आवाजाकडे बघेल, तेव्हा झाडायचं, असं ठरलं होतं.

त्याने बघितलंच नाही. एक कान हलवला, बस. मग तो खाणीच्या मधोमध जाऊन बसला. कुत्रा दारासमोर बसतो तसा. आमच्याकडे कूस, तोंड डावीकडे, झुडपाकडे. त्याने मान किंचित खाली घातली, कान मागे घेतले आणि शेपटीचं टोक मातीवर हललं.

"विचित्र आहे," मालकीण पुटपुटली. मग थोड्या वेळाने, "मागे भिंत आहे. तयार असशील तेव्हा."

सेफ्टीची कळ सरकवली. अर्धा श्वास सोडला, अर्धा ठेवला. सुभेदाराने शिकवलेलं शरीर विसरत नाही. बोट ट्रिगरवर गेलं आणि पहिला ढिला भाग संपून बोटाला तो कडक, शेवटचा भाग लागला. यानंतर फक्त विचार करायचा असतो, गोळी सुटते. पण मला एकच गोष्ट टोचत होती: हा कोणाची वाट बघतोय?

तेवढ्यात स्कोपच्या गोलात, कोल्ह्याच्या पायांसमोर, पांढऱ्या मातीवर काहीतरी पडलं. मला पान वाटलं. मग ते नीट दिसलं. त्रिकोणी, एका कडेला तपकिरी डाग.

घडीची पोळी होती.

त्या अख्ख्या गावात पोळ्या एकाच घरात होतात, आणि ही मी दुपारी लाटलेली होती.

बोट कसं बाहेर आलं ते मला आठवत नाही. सेफ्टी लावल्याचा खटका आठवतो, कारण तो झाल्यावर मी श्वास घेतला. मग मी स्कोपवरून डोळा काढून नुसतंच बघितलं. काही नाही. झुडूप, संध्याकाळ, दरड. पुन्हा स्कोपमधून बघितलं. काही नाही. मग झुडपाचा एक भाग हलला आणि तो झुडपाचा भाग नव्हता. मातकट जॅकेट, त्यावर डोक्यावरून घेतलेली तपकिरी शाल, आणि एक हात. कोल्ह्यापासून चार पावलांवर. दरडीच्या, गारगोट्यांच्या आणि माझ्या गोळीच्या शेजारी.

"काय झालं?" मालकिणीने विचारलं.

"माझी सासू."

"कुठे?"

"तिथे."

तिने दुर्बीण लावली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने एक शब्द उच्चारला, जो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझ्या हातून रायफल घेतली, काडतूस काढलं, ज्याच्याशिवाय रायफल चालत नाही तो बोल्ट काढून खिशात टाकला. रायफलच्या कव्हरची चेन तिला लावता येईना. मी लावायला गेले तर मलाही येईना. शेवटी तिने ते तसंच काखेत धरलं आणि ओल्या गवतावर बसली.

"मी पायवाट बघितली होती," ती म्हणाली. "दोनदा बघितली."

"त्या पायवाटेने आल्या नाहीत. कुंपणात भगदाड आहे. हरणं येतात त्यातून."

"हरणं," ती म्हणाली.  मग उठली आणि खाली मान घालून आपल्या घराकडे गेली.

मी खाणीकडे चालत गेले.  माझी चाहूल लागताच कोल्हा पोळी तोंडात धरून दिसेनासा झाला, आणि आईंनी हातातली स्टीलची ताटली झटकन शालीखाली घेतली.

"बाप्पा! तू? इकडे काय करून राहिली?"

"तुम्ही काय करताय आई?"

"मी? मी फिरायला आली. तू जाते नं रोज फिरायला, तशी मी आली."

"शालीत काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ताटली बाहेर काढली. चिमूटभर फोडणीचा भात अजून चिकटलेला होता, त्यात मोहरी.

"तू म्हणाली बागेत टाकू नको. बागेत नाही नं टाकत? टाकते का बागेत?"

"आई, तो कोल्हा आहे. त्यानेच माझ्या कोंबड्या मारल्या."

"हो तर. म्हणूनच तर देते." त्यांचा आवाज चढला; माझं साधं गणित चुकलेलं बघून चढतो तसा. "पोट भरलेलं असलं की काहून येईल तो कोंबड्यांकडे? महिना झाला, आला का एकदा तरी? तू जाळ्या ठोकत बस. मी इकडून बंदोबस्त केला."

 त्या तिथे उभ्या होत्या, सत्तर किलोची, संधिवाताची, जिवंत बाई, नाक लाल झालेली, आणि मला फक्त त्यांच्या खांद्याला हात लावून बघायचं होतं. तो मी लावला.

"काय झालं गं? पांढरी पडली तू."

"थंडी आहे. चला घरी."

"भूत बघितल्यासारखी करून राहिली."

"चला म्हटलं ना."

कुंपणातल्या भगदाडातून त्या माझ्या आधी सराईतपणे वाकून निघाल्या. काट्याला शाल अडकू नये म्हणून ती कुठे धरायची, तेसुद्धा त्यांना ठाऊक होतं.

घरात मॅच चालू होती. नवरा म्हणाला, "आलात दोघी? आई, तू कधी गेलीस बाहेर?" आणि मग माझ्याकडे बघून हळूच, "काय शिकारीण, मिळाला का?"

"नाही. वारा फिरला."

तो पुढे काही विचारणार होता, पण माझा चेहरा बघून थांबला. मी कणीक मळायला घेतली. पहिली पोळी तव्यावर टाकली, उलटली, घडी घातली, आणि ती डब्यात ठेवता येईना. त्रिकोणी घडी हातात धरून मी ओट्यापाशी उभी राहिले. मागून आई म्हणाल्या, "जळते बघ दुसरी." दुसरी जळली होती. त्या संध्याकाळी मी भाताचा कुकर लावला आणि पुढच्या पोळ्या केल्या नाहीत. 

भीती ही मला नेहमी कामाची वस्तू वाटत आली आहे. गॅस बंद केला का, मुदत कधी आहे, टायरमध्ये हवा आहे का, ही सगळी भीतीच, आणि तिच्यावर घर चालतं. ही वेगळी होती. हिला करण्यासारखं काही नव्हतं. जे झालं नव्हतं ते डोळे मिटले की होत होतं: बोटाला लागलेला तो कडक भाग, आणि एक क्षण पुढे. आईंना नुसतं सांगितलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, "झालं नाही नं काही? मग?" आणि चार दिवसांनी दुसरीकडे कुठेतरी ताटली घेऊन उभ्या राहिल्या असत्या, दुसऱ्या कोणाच्यातरी रायफलीसमोर. इथल्या प्रत्येक शेताला असा कोणीतरी माणूस असतो. त्यांना सांगून उपयोग नव्हता. दाखवायला हवं होतं.

रविवारी सकाळी, उजाडतंय न उजाडतंय तेव्हा, मी आईंना उठवलं.

"बूट घाला. माझ्याबरोबर चला."

"इतक्या पहाटे? देवाची पूजा व्हायची आहे."

"आल्यावर करा."

त्यांना माझा कोट घातला. नवऱ्याचं मातकट जॅकेट मी घातलं आणि वरून त्यांची तपकिरी शाल घेतली. त्यांनी बघितलं, पण विचारलं नाही. ताटलीत काल रात्रीची करपलेली पोळी घडी घालून ठेवली. चढावर नेऊन त्यांना मी कालच्याच जागी रबरी चटईवर बसवलं. गवत अजून दबलेलंच होतं. त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी करते, उचला. आणि त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहा. नजर हलवू नका."

मी लांबून वळसा घालून, भगदाडाच्या बाजूने खाणीत उतरले. झुडपाशी, त्यांच्या जागेवर, त्यांच्यासारखी किंचित वाकून उभी राहिले. रायफल मालकिणीच्या कपाटात कुलपात होती. शेतात कोणी नव्हतं. तरी त्या जागेवर उभं राहिल्यावर माझ्या पाठीला घाम फुटला. मी फोन लावला.

"आई, भिंत दिसतेय?"

"दिसून राहिली."

"मी दिसते का?"

"तू कुठं आहेस पण?"

"भिंतीजवळ बघा. झुडपाशी."

"बघते. नाही कोणी तिथं."

"नीट बघा."

"नीटच बघून राहिली. झुडूप आहे, बाकी काही नाही. मजाक करते का?"

मी पोळी पुढे टाकली. ती पांढऱ्या मातीवर पडली.



"पोळी दिसली," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "काल तू इथं होतीस? माझ्या या जागी?"

"हो."

"ती बाई होती सोबत?"

"होती. आणि तिची रायफल होती. माझ्या हातात."

 वर कुठेतरी एक मेंढी ओरडली. मी शाल डोक्यावरून काढली नाही, हातही हलवला नाही. त्यांना पूर्ण बघू द्यायचं होतं. मग त्यांचा आवाज आला. तो मी आजवर ऐकलेला त्यांचा कुठलाच आवाज नव्हता. बारीक, घाईचा, कापरा.

"तू आधी तिथून हल. ऐकून राहिली का? आधी हल तिथून."

मी हलले.